पाचवा हात

देवाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती ती त्याला लागणाऱ्या माणसांबद्दल. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाची तळी एकट्याला उचलता येत नाही. चंपाषष्ठीला ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, सगळ्यांनी मिळून ताम्हनाला हात लावायचा आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते तीनदा वर उचलायचं. हात लावणारी माणसं विषम लागतात, निदान पाच. मुखेडच्या घरी दारातून एक हाक मारली की पाचाच्या जागी पंधरा जमायची. मी मात्र नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि कपाळभर भंडारा फासून गल्लीत येळकोट ओरडायची मला लाज वाटू लागली. दर चंपाषष्ठीला मी काहीतरी निमित्त काढायचो. एका वर्षी दाढ दुखते म्हणालो, तर बायको सोबत दवाखान्यात आली. तिच्यासमोर माघार कशी घ्यायची, म्हणून दाढ काढून आलो. दाढ चांगली होती.

एवढी अक्कल असलेल्या माणसाच्या हातून पुढं जे घडलं, ते सांगायला आजही जीभ जड होते. पण ज्यानं निभावून नेलं त्याचं नाव घ्यायचं, तर आपलं गाढवपण लपवून कसं चालेल?

माझ्या मुलाला बारावीच्या आधी लातूरला शिकवणीला घातलं. तेव्हा आमच्याकडे शहाण्या घरातली पोरं लातूरला जायची आणि राहिलेली पोरं लातूरला न गेल्याबद्दल बोलणी खायची. त्याच्या जेवणासाठी आई, म्हणजे आमची माय, सोबत गेली. एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. दोन महिन्यांत मुलाला अभ्यासासाठी वसतिगृहात जागा मिळाली. मी मायला परत न्यायला गेलो, तर ती म्हणाली, “मी न्हाई येत. लेकराला ऐतवारीच सोडत्यात. ऐतवारी त्यानं जेवाया कुठं जावं?” सहा दिवस एकटी राहणार का, असं विचारलं. ती म्हणाली, “हाव.” ज्या बाईनं सबंध जन्मात एक रात्र एकटीनं काढली नव्हती, तिनं सत्तरी ओलांडल्यावर हा निर्णय एका शब्दात सांगितला आणि मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

मुखेडहून लातूर फार लांब नाही, पण मायच्या लेखी तो परदेशच. तिथं शेजारीण पीठ मागायला येत नव्हती, भाजीवाला कुणाची कोण म्हणून विचारत नव्हता. रस्त्यावर हजारो पोरं ओठ हलवत चाललेली असायची. मायला आधी वाटलं, सगळी नामस्मरण करतात. नंतर कळलं, सूत्रं पाठ करतात. पहिल्या पंधरवड्यात ती फोनवर एवढंच म्हणायची, “इथं माणसं लई दिसत्यात दादा, पण कुणी बघत न्हाई.” मग तिनं तिच्या पद्धतीनं उपाय काढला. दार उघडं टाकलं आणि उंबऱ्याशी पाट मांडून निवडायला, टिपायला बसू लागली. समोरच्या खोलीत चार मुली राहायच्या. त्यांची किल्ली आधी तिच्याकडे आली, मग दुधाचं पातेलं आलं, आणि परीक्षेत मार्क कमी पडले की रडणंही तिच्याच उंबऱ्यावर येऊ लागलं. महिनाभरात ती मला सांगू लागली की कुणाचं भौतिक कच्चं आहे आणि कुणाचं पित्त खवळतं.

दार उघडं ठेवण्याचं आणखी एक कारण होतं आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. मायची धाकटी बहीण, माझी सखूमावशी, औशाकडच्या एका खेड्यात दिली होती. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती दारापर्यंत पोचली होती. चौकट तिरकी झाली होती आणि कडी निघेना. दुसऱ्या दिवशी मी मायला घेऊन गेलो. सगळी भिंत बसली होती, माळवद खाली आलं होतं, आणि मातीच्या ढिगात तेवढं दार उभं होतं, आतून कडी लावलेलं. माय त्या दाराकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही दाराला आतून कडी घातली नाही. पावसात नाही, थंडीत नाही, चोरांच्या दिवसांत नाही. आम्ही घरातले लोक हे सांभाळून घ्यायचो आणि पाठीमागे थोडं हसायचोही.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी लातूरला गेलो. इमारतीतून दोन मोबाइल चोरीला गेल्याचं कानावर आलं होतं. मी दुपारी पोचलो, तर दार सताड उघडं आणि माय आत गाढ झोपलेली. मी तिच्या उशाशी पाच मिनिटं उभा राहिलो, तिला पत्ता नाही. माझ्यातला कर्तबगार मुलगा जागा झाला. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप मी दुकानातून घेऊन आलो. कोपऱ्यावर एक म्हातारे चावीवाले चाचा बसायचे. ते म्हणाले, “साब, मैं बिठा देतूं.” मी नको म्हणालो. चावीवाल्याला घरचं कुलूप बसवू दिलं की चावी त्याच्या डोक्यात राहते, असा माझा शोध होता. मग मीच बसवलं. भोकं मोठी पडली, स्क्रू लहान होते, दाराची चाळण झाली. माय शेजारी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “मला हे नगं.” मी तिला समजावलं की हे आतून नुसत्या मुठीनं उघडतं. विज्ञानाचा मास्तर म्हणून समजावलं.

संध्याकाळी तिनं तळीचा विषय काढला. समोरच्या चार मुली आणि मी, असे पाच; ती स्वतः ताम्हन मांडून देणार, उचलणाऱ्यांत नाही. मी म्हणालो, मुली कशा चालतील? ती म्हणाली, “देवाला हात पाह्यजेत. मिशा त्याला त्याच्याच हायत.” आता माझी पंचाईत झाली. उद्याच्या डॉक्टरणींसमोर मी भंडारा उधळून ओरडायचं, हे काही मला पेलेना. मी सांगून टाकलं की शाळेत चाचणी आहे, पहाटेच निघावं लागेल. चाचणी नव्हती. माय “बरं” म्हणाली, चपला घातल्या आणि अर्धा तास कुठंतरी जाऊन आली. मला वाटलं, रुसली.

सकाळी सहाला मी आवरून तयार झालो तेव्हा माय न्हाणीत होती. ती बाहेर आली की पुन्हा एकदा विचारेल, म्हणून मी तशीच पिशवी उचलली. बाहेर पडून दार ओढलं. मग मनात आलं, ती अंघोळीत आहे, एवढ्यात कुणी शिरलं तर? दुकानदारानं सांगितलं होतं, चावीचा एक फेरा दिला तर साधं बंद, दोन दिले तर पक्कं. मी दोन दिले. चोरासारखा जिना उतरलो आणि नांदेडची गाडी धरली. गाडीत मला फार हलकं वाटत होतं.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. उतरलो तर टपरीवर जो तो फोन कानाला लावून उभा. एक जण म्हणाला, “लातूरला हललं म्हणं.” दुसरा म्हणाला, “भांडी पडली म्हणं मांडणीवरची. सगळी रस्त्यावर येऊन बसल्यात.” मी पुढं झालो. असे हलके धक्के या भागात येतच असतात, घाबरायचं कारण नाही, फक्त मोकळ्या जागेत जायचं, असं मी चार लोकांना नीट समजावून सांगितलं. एकानं तर मान डोलावली. मग चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला आणि हाताला तारेत ओवलेल्या तीन चाव्या लागल्या. तीनच्या तीन.

दुकानदाराचं दुसरं वाक्य तेव्हा मला आठवलं. दोन फेरे दिले की आतूनही उघडत नाही.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. चहाचा पेला कुठं ठेवला, कळलं नाही. मायला फोन लावला, लागेना. सगळ्या जिल्ह्यानं एकदमच फोन उचलले होते. मुलाच्या वसतिगृहाचा ‘मुलं मैदानात सुखरूप’ एवढा संदेश तेवढा आला. समोरच्या मुलींना लावावा, तर त्यांचे नंबर माझ्याकडे नव्हते. नंबर सोडा, चौघींपैकी एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. लातूरकडे निघालेल्या एका जीपमध्ये मी कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखा बसलो. डोळ्यांसमोर ढिगात उभं असलेलं मावशीचं दार येत होतं, आणि ज्या बाईनं ते दार पाहिल्यापासून जन्मभर एकच गोष्ट टाळली, ती गोष्ट मी तिच्यावर बाहेरून, दोन फेरे देऊन घातली होती. धक्का हलका होता, इमारत पडण्यासारखी नव्हती, हे माझं विज्ञान मला सांगत होतं. पण भिंत पडायची गरज नव्हती. ती मूठ फिरवील, दार हलणार नाही, आणि तेवढ्यानं तिचं काळीज थांबेल, हे सांगायला विज्ञान लागत नव्हतं.

मी खंडोबाशी बोलू लागलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलत होतो, त्यामुळे सुरुवात कुठून करावी कळेना. दरवर्षी तळी उचलीन म्हणालो. शाळेच्या मैदानात उचलीन म्हणालो. मुख्याध्यापकांच्या कपाळाला भंडारा लावीन म्हणालो. चाकूर येईपर्यंत नवस संपले. मग नुसतं “ती माझी माय आहे” एवढंच म्हणत राहिलो, आणि मध्येच लक्षात आलं की हे तो जाणतोच, कदाचित माझ्यापेक्षा बरं जाणतो. तिथं माझं बोलणं थांबलं. रस्ता उरला होता, आणि त्याला मी इंचभरही कमी करू शकत नव्हतो. आपल्या हातात काहीच नाही हे वाक्य मी भाषणात पुष्कळदा वापरलं होतं. ते खरं असतं तेव्हा कसं लागतं, ते मला त्या जीपमध्ये कळलं.

इमारतीखाली दहा-पंधरा मुलं वह्या घेऊन रस्त्यातच बसली होती. त्यांना काही विचारायचा धीर झाला नाही. तीन मजले चढून गेलो. दार उघडं होतं. कुलूप आत फरशीवर पडलेलं, भोवती स्क्रू विखुरलेले. न्हाणी रिकामी. पलंग रिकामा. शेगडीजवळ भाजलेली वांगी तशीच, सोललेली नाहीत. मायच्या चपला मात्र उंबऱ्याशी होत्या. अनवाणी माणूस इमारतीतून कसा आणि कुणाच्या हातांवर बाहेर जातो, हे माझ्या मनात आलं.

तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला. आधी पोरींचे, हसू दाबत काढलेले, “सदानंदाचा”, आणि मग त्यांच्यात मिसळलेला एक जाड, खरखरीत आवाज, “येळकोट.”

मी वर गेलो. उन्हात, मोकळ्या आभाळाखाली, जिथं लावायला दारच नव्हतं तिथं, माय पाटावर बसली होती. तिच्यासमोर चार मुली आणि कोपऱ्यावरचे चावीवाले चाचा, पाच जण, ताम्हनाला हात लावून उभे होते. चाचांच्या दाढीवर भंडारा पडला होता. मायनं मला पाहिलं. ती ना उठली, ना थांबली. ताम्हन दुसऱ्यांदा वर गेलं. मी चाव्या मुठीत धरून पुढं झालो, नवसाप्रमाणे हात लावायला. माय म्हणाली, “तू बस दादा. पाच झाले. तू लागलास तर सम व्हतंय.” मी खाली बसलो. ताम्हन तिसऱ्यांदा वर गेलं आणि माझ्यावाचून खाली आलं.

मग जे कळलं ते असं. आदल्या संध्याकाळी माय रुसून गेली नव्हती. माझ्या जागी पाचवा हात शोधायला गेली होती. ओळखीचं कुणी नाही, म्हणून कोपऱ्यावर जाऊन चाचांनाच म्हणाली, सकाळी आठला वर येता का, देवाच्या ताटाला हात लावायचाय. चाचांना त्यात काही नवल वाटलं नाही. “हमारे दादा खंडोबा कू मल्लूखान बोलते थे,” ते मला म्हणाले, “उनकी माळेगाव की जत्रा कू जाते थे.” एरवी ते दहाच्या आत दुकान मांडत नाहीत. त्या दिवशी देवाच्या कामाला उशीर नको म्हणून पाऊण तास आधीच येऊन थांबले होते. धक्का बसला तेव्हा सगळी इमारत खाली धावली. घाईत मुलींनी समोर बघितलंच नाही; त्यांना वाटलं, आजीचं दार कायम उघडंच असतं, ती पुढं गेली असेल. खाली शोधलं तर आजी नाही. त्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा चाचा जिन्यापाशी होते. सगळे खाली येत असताना तो गुडघे धरून चालणारा म्हातारा एकटा वर गेला.

“किल्लारी की तरफ मैं महिनाभर लोगां के कपाट खोलता बैठा था,” चाचा सांगत होते. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून निघालेल्या पेट्यांची, कपाटांची कुलपं उघडून द्यायला तेव्हा चावीवाले गेले होते. “कपाट बहोत खोला. दरवाजा एक बी नई. खोलने कू दरवाजे थेच कां.” त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “आज एक खोला.”

मी विचारलं, पण दोन फेरे दिलेलं कुलूप इतक्या लवकर निघालं कसं? चाचा हसले. फटीत पटाशी घालून त्यांनी एकदाच खांदा लावला होता. मी बसवलेले स्क्रू नुसते भोकात उभे होते, एकानंही लाकूड धरलं नव्हतं. कुलूप आत गळून पडलं. “बुरा मत मानो साब,” ते म्हणाले, “मैं बिठाता तो नई निकलता था.”

समोरच्या मुलींपैकी एक, देगलूरची, मोठ्यानं हसली आणि मग एकदम रडू लागली. मलाही दोन्ही एकदमच आलं. मी चाचांचे हात धरले. संशयानं ज्यांना कुलूप बसवू दिलं नव्हतं तेच हे हात.

दुपारी माय वांगी सोलायला बसली तेव्हा मी हळूच विचारलं, आत असताना काय झालं? तिनं हातातलं वांगं पुरं सोललं. मग म्हणाली, “दार वढलेलं दिसलं व्हतं, म्हनलं, वांगी भाजून झाली की उघडते. मग हललं, तवा मूठ फिरली, दार फिरंना. मी म्हनलं, आली बघ सखूची गत. लई ओरडले आधी. मग वाटलं, ओरडून तरी कुनाला बोलवावं? तळीचं ताम्हन घेतलं मांडीवर. म्हनलं, देवा, चार हात खाली गेले, मला कुनी हात द्याया न्हाई, आता तूच उचल.” वांग्याचं देठ बाजूला टाकून ती पुढं म्हणाली, “मग जिन्यात कुनाचा तरी गुडघा वाजला.”

मी तिची पिशवी काढली. नांदेडला चल म्हणालो, पाया पडतो म्हणालो. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली. “ऐतवारी लेकरू येतंय,” ती म्हणाली, “आन् ह्या चौघींची परीक्षा हाय मंगळवारी. यांना सकाळी कोन उठवील?” मग माझ्याकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हणाली, “तू मला सांभाळाया गेलास दादा, त्यातच घात व्हत व्हता. तू नुसता येत जा.”

हा चमत्कार होता का, असं मला पुष्कळ लोक विचारतात. मी त्या वादात पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी मी सगळं मन लावून चुकवलं होतं. खोटं बोललो, पळालो, चाव्या खिशात घातल्या, भल्या माणसावर संशय घेतला, आणि ज्या एका दारापासून मायला जपायचं तेच दार तिच्यावर लावलं. आणि माझ्या या एकेका चुकीला कुणीतरी शांतपणे कामाला लावलं. मी पळालो म्हणून चाचांची गरज पडली. मला स्क्रू धड बसवता आले नाहीत म्हणून दार निघालं. माझ्या अडाणीपणाचा इतका चांगला उपयोग मला स्वतःला कधी करता आला नव्हता.

शरणागती म्हणजे हात जोडणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, कधीकधी ती हात काढून घेण्यात असते. संध्याकाळच्या गाडीनं निघताना गॅस बंद कर, गोळी विसरू नको, अनोळखी माणसाला आत घेऊ नको, ही माझी नेहमीची यादी ओठांवर आली होती. मी ती गिळली, मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि जिना उतरलो. गावातले लोक म्हणतात, एवढं होऊन म्हातारीला तिथं देवाच्या भरवशावर सोडून आला. ती त्या भरवशावर आधीपासूनच होती. मधे मीच उभा होतो, तेवढा बाजूला झालो.